पायातला पावशेर

अप्पा चपलांच्या दुकानात गेले की माप सांगत नसत. आधी वजन करत. शर्टाच्या खिशातून शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला छोटा ताणकाटा काढायचा, बुटाची नाडी त्याच्या आकड्यात अडकवायची, हात डोळ्यांसमोर धरायचा आणि काटा थांबेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. मग बूट खाली ठेवून म्हणायचं, "जड हाय. दुसरा दावा." धाराशिवच्या त्या दुकानदाराला याची सवय झाली होती. नवीन गिऱ्हाइकांना मात्र वाटायचं की दुकानावर वजनमापवाल्यांची धाड पडली आहे.

मलाही तेच वाटलं होतं. मी तिथं नाड्या घ्यायला गेले होते, माझ्या डोंगर चढायच्या बुटांसाठी. हे बूट मी हिमालयासाठी घेतले होते. शाळेतल्या आम्ही चौघी शिक्षिका जाणार होतो. एकीच्या मुलीचं लग्न ठरलं, दुसरीचे गुडघे धरले आणि हिमालय राहिला तो राहिलाच. बूट तेवढे घरात आले होते. घोट्याच्या वरपर्यंत चामडं, खाली दोन बोटं जाडीचा रबरी तळ, पुढं दगडासारखा कडक चवडा. ते वाया जाऊ नयेत म्हणून मी दर रविवारी ते घालून येडशीच्या डोंगरात भटकत असे. मी भूगोल शिकवते, तेव्हा डोंगर बघणं हे माझं कामच आहे, असं घरी सांगायला बरं पडायचं.

अप्पांची नजर माझ्या पायांवर गेली आणि तिथंच राहिली. "बाई, राग मानू नगा. एक बूट काढून देता का? जरा तोलून बघतो."

शिक्षिकेला सगळेच बाई म्हणतात, पण मी शिक्षिका आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. भर दुकानात अनोळखी म्हातारा बूट मागतो म्हटल्यावर मी खरं तर चार शब्द सुनवायला हवे होते. पण माणूस इतक्या गंभीरपणे मागत होता की मी खाली बसून नाड्या सोडल्या. काटा सर्रकन खाली आला.

"साडेसातशे गिराम. एका पायाला!" अप्पा हळहळले. "ह्यात हरभरा भरून बाजारला निघालाव का काय?"

दुकानदार हसला. मी चिडले. म्हटलं, "अहो, घोटा सांभाळतो तो. डोंगरात पाय मुरगळला म्हणजे?"

"डोंगराला जाताव व्हय? मग तर ध्यानात ठिवा. पायातला पावशेर म्हणजे पाठीवरचा सव्वाशेर."

ते स्वतः शाळेतल्या पोरांचे पीटीचे कापडी बूट घ्यायला आले होते. पांढरेधोप. ते घरी नेऊन चहाच्या पाण्यात बुडवून मातकट करायचे, हे मला नंतर कळलं. पांढऱ्या बुटावर डाग दिसतात म्हणून नव्हे. "पांढऱ्या बुटाला बघून चितूर पाखरू उडतंय," असं त्यांचं म्हणणं होतं.

गुरुलिंग अप्पा आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी कालव्याच्या कडेनं चालण्यात गेली होती. मूळ गाव कर्नाटकाच्या सीमेला लागून, आईची भाषा कानडी. त्या कानडीतला एक शब्द त्यांच्या तोंडात कायम असायचा: मेल्लग. म्हणजे हळू, अलगद. जास्वंद तोडताना, गरम चहा ओतताना, डोंगर उतरताना, सगळीकडं मेल्लग. लहानपणी डोक्यावर घागर घेऊन निघालं की आई मागून म्हणायची, तेच जन्मभर कानात राहिलं, असं ते सांगायचे.

त्या दुकानातल्या भेटीनंतर आमचे रविवार एक झाले. मी चढणीला लागले की माझ्याच पावलांचा धपधप आवाज मला ऐकू यायचा. अप्पा पुढं चाललेले असायचे आणि त्यांचा आवाजच नसायचा. जमीन झोपली आहे आणि तिला उठवायचं नाही, असं ते चालायचे. डोळे अर्धवट मिटलेले, हात मागं बांधलेले. मधेच थांबून म्हणायचे, "मुरूम संपला. आता काळी लागली." मी वाकून बघायची तर खरंच मातीचा रंग पालटलेला असायचा. धुक्याच्या दिवसात तर पुढं फक्त त्यांचा सदरा दिसायचा आणि त्यांचं बोलणं धुक्यातून मागं यायचं. इथं दगड हलतोय. इथं मुंग्यांचं वारूळ हाय, कडंनं या. अशा सकाळी मला वाटायचं, आम्ही दोघं कुणाच्या तरी झोपेतून चाललो आहोत आणि ऊन पडलं की ती झोप मोडेल.

ओढा लागला की मी दगड शोधत बसायची. अप्पा सरळ पाण्यातून पलीकडं. "भिजू द्या की! कापडी बूट अर्ध्या घंट्यात वाळतोय. तुमचा आज भिजला तर नागपंचमीला वाळंल." टाचेला फोड आला की मी लपवायची. ते बरोबर ओळखायचे आणि चालणं मंद करायचे. हे सगळं पटत होतं, पण मीही हट्टाची. हिमालयाचे बूट सोडले तर हिमालयच सुटला, असं काहीतरी मनात असावं.

एकदा रामलिंगाच्या देवळाच्या वरच्या अंगाला धावड्याच्या झाडाखाली सावलीत बसलो होतो. मी विचारलं, "अप्पा, तुम्ही पहिल्यापासून असेच कापडी बूट घालता?"

त्यांनी पाय पसरून आपल्या बुटांकडं बघितलं. मग म्हणाले, "न्हाय. म्या बी तुमच्यासारखाच व्हतो."

नवीन नोकरी होती. सोलापूरहून त्यांनी मिलिटरीचे वापरलेले बूट आणले होते, तळाला खिळे ठोकलेले. ते घालून कालव्यावर निघालं की लोक वळून बघत, साहेब आले म्हणत. सीमेकडच्या एका तलावाचा कालवा होता. त्याच्या भरावावरून रोज दोन फेऱ्या मारायच्या, कुठं पाणी झिरपतंय का बघायचं, एवढंच काम. एके दिवशी एक बाई गवताचा भारा घेऊन अनवाणी चालली होती. भरावाखालीच तिचं रान, त्यात शाळू पोटरीला आलेला. ती थांबून म्हणाली, "साहेब, इथं गार लागतंय."

"म्या तिथं उभा ऱ्हायलो. बूट आपटून बघितला. वरून माती सुकी खडखडीत. म्हनलं, सकाळचं दव असंल, जा. दुसऱ्या दिवशी बी तिथनंच गेलो. तिसऱ्या दिवशी कालवा फुटला."

"आणि तिचं रान?"

"रान कुठलं? माती वाहून गेली. खाली निस्ता खडक." अप्पा धावड्याची एक वाळकी काडी मोडत राहिले. "म्या तिच्या बांधावर गेलो. वाटलं शिव्या देईल. बाई, तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हनली, तुमचा तरी काय दोष साहेब, तुमचा पाय बुटात व्हता."

त्यांनी बूट तिथंच काढले आणि घरापर्यंत अनवाणी गेले. पुढं उन्हाळ्यात खात्यानं पायात काहीतरी हवंच असा आग्रह धरला, तेव्हा सगळ्यात पातळ तळाचे, सगळ्यात हलके बूट शोधायला सुरुवात केली आणि तेव्हाच हा ताणकाटा घेतला.  मी माझे बूट पदराखाली ओढून घेतले.

त्यानंतर ते एक गोष्ट वारंवार करू लागले. चालता चालता थांबायचे आणि विचारायचे, "बाई, इथं गार लागतंय का?" मला वाटायचं, माझ्या बुटांची टिंगल चालली आहे. मी म्हणायची, "मला काय कळणार? माझा पाय बुटात आहे." ते हसायचे. त्या हसण्याकडं मी नीट बघितलं नाही, हे आज मला डाचतं.

दिवाळीनंतर अप्पांनी मनातलं बाहेर काढलं. तेरणा नदी उगमापासून माकणीच्या धरणापर्यंत पायी बघायची. "जन्मभर दुसऱ्यानं अडवलेलं पाणी राखलं. आता मोकळं पाणी बघू." एका दमात नव्हे, सुट्टीसुट्टीला तुकड्यांनी. जिथं संपेल तिथून एसटीनं परत, पुढच्या रविवारी पुन्हा तिथूनच. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावा तुम्ही संगं. त्यांना घाई झालीया." कसली घाई, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिल्या रविवारी तेरखेड्याला उतरलो. गावाबाहेर, एकमेकांपासून लांब लांब, फटाक्यांच्या कामाच्या खोल्या आणि हवेत दारूचा वास. उगम म्हणून कुणीतरी दाखवली ती उतारावरची एक घळ, त्यात पाणी नाही, नुसती ओल. मी जरा हिरमुसले. अप्पा मात्र तिथं पाय जोडून उभे राहिले आणि डोळे मिटले. किती वेळ, सांगता येणार नाही. मग म्हणाले, "चला. मेल्लग."

ते रविवार मला आता सलग आठवत नाहीत. आठवतात ते तुकडे. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा शाळू आणि मधून वाकडीतिकडी वाट. करडईची पिवळी फुलं. ढोकीच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, त्यांच्यावरची गाणी वाऱ्याबरोबर जवळ येणारी आणि लांब जाणारी. मधेच नदी दिसेनाशी व्हायची, वेड्या बाभळीत शिरायची, आणि अप्पा म्हणायचे, "असू द्या, येईल ती." आणि ती यायची.

येळवस आली. आमच्याकडं वेळ अमावस्येला सगळा गाव रानात जातो. कडब्याची खोप करून आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, आंबील आणि भज्जी करतात आणि वाटेनं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. त्या दिवशी शाळेला सुट्टी, म्हणून आम्ही नदीवर होतो. एका बांधावरून एका बाईनं हाक मारली, "या की, आंबील घ्या!" त्या दिवशी रानाची पूजा असते, बांधावर पायताण काढूनच आत जायचं. मी बसून नाड्यांशी झगडू लागले. अप्पांनी एका झटक्यात बूट काढले आणि काळ्या मातीत पाऊल टाकलं.

त्यांच्या उजव्या पायाचा मोजा रक्तानं भिजला होता.

"अगं बाई, बाबा, पायाला काय झालं?" ती बाई ओरडली.

"कुठं काय?" अप्पा म्हणाले आणि तिच्या नजरेच्या मागं मागं आपल्या पायाकडं बघितलं. बोटभर लांब बाभळीचा काटा बुटाचा पातळ तळ फोडून तळव्यात पार रुतला होता. आम्ही सकाळपासून तीन तास चाललो होतो. त्यांना पत्ताच नव्हता.

त्या बाईनं पाणी आणलं, जखम धुतली, फडकं बांधलं. काटा निघाला तेव्हाही अप्पांचा चेहरा हलला नाही. आम्ही खोपेशी बसलो. आंबिलीचा तांब्या हातात धरून ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "साखर हाय मला. तळवं बधिर झाल्यात. वरीस झालं. डॉक्टर नायलॉनच्या ताठ दोऱ्यानं टोचून इचारतो, लागतंय का? म्या व्हय म्हनतो."

"खोटं सांगता?"

"खरं सांगितलं की त्यो कापडी बूट काढून घेईल."

मग एकेक उलगडत गेलं. मुरूम संपला, काळी लागली, हे ते गेलं वर्षभर डोळ्यांनी ओळखत होते, सवयीनं. इथं गार लागतंय का, हे ते मला टिंगल म्हणून विचारत नव्हते. खरंच विचारत होते. त्यांना स्वतःला कळत नव्हतं आणि मी दर वेळी तेच उत्तर दिलं होतं. मला इतकं रडू आलं की त्या बाईनं घाबरून मलाच पाणी दिलं.

जखम भरायला महिना गेला. मी आणि काकू दोघी मिळून डॉक्टरांकडं गेलो आणि खरं सांगितलं. डॉक्टर भला माणूस. त्यानं अप्पांना बजावलं की पाय वाचवायचा असेल तर जाड तळाचे, आतून मऊ, खास बनवलेले बूट घालायचे, रोज रात्री तळवे तपासायचे, अनवाणी एक पाऊलही नाही. बूट बनून आले. अप्पांनी ते ताणकाट्याला टांगले, बघितलं आणि खुंटीखाली ठेवून दिले. मग ते घरातून निघेचनात. माझ्या तीन रविवारच्या हाकांना काकूंनीच उत्तर दिलं. "ते म्हनत्यात, माझं चालनं झालं."

माकणी राहिली होती. शेवटचा एकच टप्पा.

चौथा रविवार यायच्या आधी, शनिवारी, मी त्या चपलांच्या दुकानात गेले. माझ्या मापाचे पीटीचे बूट घेतले, संध्याकाळच्या उरलेल्या चहात बुडवले, रात्रभर वाळवले आणि ते घालून रविवारी सकाळी अप्पांच्या दारात उभी राहिले. ते ओसरीवर बसले होते. माझ्या पायांकडं बघत राहिले. मग हात पुढं केला. मी एक बूट काढून दिला. काट्याला लावून म्हणाले, "सव्वादोनशे. आता जमलं."

"तुम्ही तुमचे जड घाला," मी म्हटलं. "मी हे घालते. जमीन काय म्हणते ते मी सांगेन. तुम्ही फक्त चाला."

"तुमाला ऐकू येईल का?"

"शिकवा."

त्यांनी खुंटीखालचे बूट ओढले. काकूंनी नाड्या बांधल्या.

त्या दिवशी मी पहिल्यांदा खरी चालले. आधी नुसते खडे टोचले. मग हळूहळू वेगळं काही कळू लागलं. ढेकूळ पायाखाली फुटतं ते कळलं, वाळलेल्या शेणाचा मऊपणा कळला, बैलगाडीच्या चाकोरीची कड कळली. मी मोठ्यानं सांगत होते आणि मागून अप्पांचे जड बूट धपधप येत होते. "आता रेताड आहे. आता भेग. बारीक भेग, बोट जाईल एवढी." ते म्हणायचे, "व्हय व्हय," आणि कधी, "घाई करू नगा. पाय पुरता टेकू द्या, मग बोला." दुपार कलली. रानात कुणी नव्हतं. वाऱ्यानं गवत एकाच अंगाला झोपलं होतं आणि बाभळीच्या पलीकडं नुसता उजेड होता. आम्ही किती चाललो, कुणास ठाऊक. मला वाटत होतं की हे असंच राहावं, संपूच नये.

आणि अचानक पायाखाली काहीतरी बदललं. मी थांबले. वरून माती सुकीच होती, पांढुरकी, भेगाळलेली. पण तळव्याला लागत होतं.

"अप्पा," मी म्हटलं, "इथं गार लागतंय."

ते जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. ते खाली बसले, मेल्लग, एक हात गुडघ्यावर टेकून. दुसरा तळहात मातीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हाय," ते म्हणाले. "खरंच गार हाय. हाताला कळतंय अजून." आणि मग, माझ्याशी नव्हे, मातीशीच, "ऐकलं गं बाई, ह्या टायमाला ऐकलं."

पन्नास पावलांवर बाभळी संपल्या आणि माकणीचं पाणी दिसलं, पार पलीकडच्या काठापर्यंत.

परतीच्या एसटीत त्यांनी ताणकाटा माझ्या हातात दिला. "ठिवा तुमच्यापाशी. मला आता काय तोलायचंय?" त्यानंतर ते जड बूट घालून रोज गल्लीच्या टोकापर्यंत जात, डॉक्टरचं सगळं ऐकत, पोरांना मेल्लग शिकवत. दोन पावसाळे गेले. एका सकाळी काकूंचा फोन आला की अप्पा झोपेतच गेले.

त्यांच्यात बसवून पुरण्याची रीत, म्हणून त्यांच्या गावी, त्यांच्याच रानात समाधी द्यायची होती. मी पोचले तेव्हा माणसं जमली होती, खड्डा झाला होता आणि त्यांना बसतं करून आत ठेवलं होतं, कपाळाला विभूती लावून. पाय मांडी घातलेले. पायात काहीच नव्हतं. मी बांधावर माझे कापडी बूट काढले आणि बाकीच्यांसारखी माती द्यायला पुढं गेले. नुकतीच वर काढलेली काळी माती पायांखाली होती. मी मूठ भरली, वाकले, आणि त्या शेवटच्या रविवारी सांगत होते तसंच त्यांना सांगितलं.

"अप्पा, इथं गार लागतंय."